शीड, वाफ आणि मुंबईची गोदी

आमच्या भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेंकडो मैल दूर आहे. वैनगंगेच्या डोहांतील ढीवरांचे डोंगे पाहून वाढलेल्या मुलास तोफांच्या रांगा मिरविणाऱ्या लढाऊ जहाजाची कल्पना यावी कशी? तरीही इंग्रजांच्या आरमाराचा इतिहास आम्हीं लक्षपूर्वक वाचावा, असें आमचें मत आहे. त्या इतिहासाचें एक मोठें पान मुंबईच्या गोदींत लिहिलें गेलें आहे, आणि त्यांतील बोध जंगल व खाणी यांनीं संपन्न अशा आमच्या जिल्ह्यास विशेष लागू पडतो.

जोंपर्यंत आरमार शिडांवर चालत होतें, तोंपर्यंत त्याचें बळ टिकाऊ लांकूड, कुशल सुतार आणि वारा जाणणारा खलाशी या तिघांवर अवलंबून असे. यांपैकीं पहिल्या दोहोंत मुंबई कोणासही हार जाणारी नव्हती. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस आले व त्यांच्या घराण्यानें पिढ्यानुपिढ्या तेथील गोदींत जहाजें बांधलीं. विलायतेंत जहाजें ओकच्या लांकडाचीं होत. ओकमधील आम्लानें लोखंडी खिळे गंजत. सागवानांतील तेलामुळें ते टिकत, आणि लांकूडही सहसा कुजत नसे. १८१० सालीं मुंबईस तयार झालेलें ‘मिंडेन’ हें, रांगेंत उभें राहून लढणाऱ्या मोठ्या जहाजांपैकीं, ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेलें त्या आरमाराचें पहिलेंच जहाज होय. १८१७ सालचें ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. १८२७ च्या ऑक्टोबरांत नॅव्हरिनो येथें जी लढाई झाली, ती केवळ शिडांच्या जहाजांनीं लढलेली शेवटची मोठी लढाई मानतात. तींत इंग्रज सेनापतीचें निशाण ज्या ‘एशिया’वर फडकत होतें, तेंही मुंबईसच बांधलेलें होतें.

मग मुंबईचें हें वैभव गेलें कोठें? वाफेचें युग आलें, तेव्हां मुंबई कांहीं झोंपलेली नव्हती. १८२९ सालीं तिच्याच गोदींत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट तयार झाली व २० मार्च १८३० रोजीं निघून सुमारें महिन्याभरांत सुएझला पोहोंचली. पण तिची इंजिनें विलायतेहून आणावीं लागलीं. प्रवासापुरता कोळसा तिच्या कोठारांत मावेना, म्हणून जागा मिळेल तेथें तो भरला, तरीही वाटेंत एडनला थांबून आणखी घ्यावा लागला. वाऱ्याची ताबेदारी सुटली आणि कोळशाची सुरू झाली. १८३९ सालीं इंग्रजांनीं एडन घेतलें, त्याच्या मागें कोळशाच्या ठाण्याची ही गरज होतीच.

१८४२ सालीं चीनशीं झालेला नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’ या मुंबईच्याच जहाजावर झाला. परंतु त्या युद्धांत शिडाच्या जहाजांस नदींतून वर ओढून नेण्याचें काम आगबोटींनीं केलें, आणि बर्कनहेड येथें बांधलेली ‘नेमेसिस’ ही लोखंडी आगबोट त्याच युद्धांत गाजली. मान मुंबईच्या सागवानास मिळाला. काम मात्र वाफेनें केलें. तें युद्ध अफूच्या व्यापारावरून पेटलें होतें, हेंही विसरतां कामा नये. यंत्र बळ देतें, विवेक देत नाहीं. पुढें ‘कॉर्नवॉलिस’लाही वाफेचा पंखा बसविण्यांत आला. १८६० मध्यें ‘वॉरियर’ लोखंडी बांध्याची झाली, १८७१ मध्यें ‘डेव्हास्टेशन’वर शिडेंच उरलीं नाहींत. मुंबईच्या मोठ्या शिडाच्या लढाऊ जहाजांची मालिका त्यापूर्वींच, १८४८ सालच्या ‘मियानी’बरोबर संपली होती.

कांहीं म्हणतात, हा सर्व राज्यकर्त्यांचा मत्सर. कांहीं म्हणतात, आमच्या लोकांस यंत्रबुद्धीच नाहीं. दुसरें म्हणणें तर सपशेल खोटें आहे. वाडिया घराण्यांतीलच अर्देसर करसेटजी यांनीं तरुणपणीं स्वतः लहानसें वाफेचें इंजिन घडविलें, १८३३ सालीं ‘इंडस’ या छोट्या नौकेवर वाफेचें यंत्र बसविलें, आणि १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले हिंदी सभासद झाले. मुंबईच्या वाफेच्या कारखान्यांत ते मुख्य इंजिनियर होते व युरोपियन कामगार त्यांच्या हाताखालीं राबत. जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे त्यांचे आप्तही नवी विद्या शिकण्यास विलायतेस गेले होते. बुद्धीची उणीव असती तर हें घडतें ना.

पहिलें म्हणणें खरें आहे, पण अपुरें आहे. राज्यकर्त्यांस येथें दुरुस्तीची शाळा हवी होती, इंजिनें ओतणारा कारखाना नको होता, हें उघड आहे. परंतु आमच्याकडेही एक मोठी उणीव होती. जहाज बांधण्याची कला बापाकडून मुलाकडे जात असे. लांकडाच्या युगांत तेवढें पुरे होतें. वाफेस मात्र गणित, धातुशास्त्र व रसायन यांची गरज होती आणि तीं शेंकडों मुलांस शिकविणाऱ्या शाळा पाहिजे होत्या. एक अर्देसर निर्माण झाला; शंभर झाले नाहींत. कला घराण्यांत राहिली आणि शास्त्र गांवांत आलें नाहीं, म्हणून आमचा पराभव झाला, असें आम्हांस वाटतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. पोलाद चिवट होण्यास मँगनीज लागतें, आणि तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें त्याच्या खाणी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मध्यप्रांताचें हें खनिज आगगाडीनें बंदरांस व तेथून विलायतेच्या पोलादाच्या भट्ट्यांस जात असे. माती आमची, खोदणारे हात आमचे, पण ज्ञान दुसऱ्यांचें आणि म्हणून किंमतही दुसऱ्यांची!

काळ फिरला आहे, हें खरें. १९६८ सालीं मुंबईच्याच माझगांव गोदींतून ‘निलगिरी’ ही युद्धनौका पाण्यांत उतरली व १९७२ सालीं ती भारतीय आरमारांत दाखल झाली. तिचा नमुना इंग्रजी होता, पण ती बांधणारे हात येथीलच होते. तुटलेला धागा पुन्हा जोडतां येतो, याचा हा पुरावा आहे.

विद्यार्थिमित्रांस आमचें इतकेंच सांगणें आहे. आपल्या जंगलाचा व खाणींचा अभिमान जरूर बाळगा. परंतु सागवान आहे म्हणून आरमार होत नाहीं आणि मँगनीज आहे म्हणून पोलाद होत नाहीं. गणिताचा तास रुक्ष वाटूं लागला म्हणजे मुंबईची ती गोदी आठवा. तेथें लांकडाची उणीव नव्हती, हातांची नव्हती, बुद्धीचीही नव्हती. उणीव होती ती वर्गांत बसलेल्या मुलांची.