भोंगा वाजण्यापूर्वी

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव योजण्यात आला, तेव्हा महाराष्ट्रातील अतिसंवेदनशील स्थळांत मुंबई, उरण आणि तारापूर ही नावे होती. अणुवीज केंद्राच्या परिसरातील घिवलीसारख्या गावांना त्याचे कारण सांगावे लागत नाही. धोक्याचे भोंगे, दिवे मालवणे, महत्त्वाच्या प्रकल्पांचे आच्छादन, नागरिकांचे स्थलांतर हे सारे त्या सूचनांच्या मुख्य कलमांत होते, संग्रहालये नव्हती. माणसांचे प्राण प्रथम, याविषयी दुमत नाही. परंतु राष्ट्राची स्मृतीही शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात असते, याचे विस्मरण परवडणारे नाही.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय नौदलाच्या गोदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्या महायुद्धात त्याच वास्तूचे लष्करी रुग्णालय झाले आणि संग्रहालय जनतेसाठी खुले होण्यास १९२२ साल उजाडले. म्हणजे युद्धाची झळ या वास्तूला अपरिचित नाही.

सावध राष्ट्रे वेळीच हालली. युद्ध पेटण्याच्या सुमारास, १९३९ मध्येच पॅरिसच्या लूव्हरमधील चित्रे खेड्यांतील गढ्यांत रवाना झाली. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९४१ मध्ये आपली चित्रे वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणीत सुरक्षित ठेवली. याउलट एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले आणि सुमारे पंधरा हजार वस्तू नाहीशा झाल्या. काबूलच्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी मात्र सोन्याचा ठेवा तिजोरीत दडवून वर्षानुवर्षे मौन पाळले; म्हणून तो वाचला.

आपल्याला हा धडा परका नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्ता मंदिरे पाडू लागली, तेव्हा गोव्यातील भाविकांनी कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेली. मंदिर गेले, दैवत राहिले. कारण काय आधी उचलायचे आणि कोठे न्यायचे, हे त्यांनी वेळेत ठरवले.

युद्धकाळात सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा १९५४ चा हेग करार भारताने १९५८ मध्येच स्वीकारला. त्याला कृतीची जोड हवी. प्रत्येक संग्रहालयाकडे छायाचित्रांसह नोंदवही व तिची दुसरी प्रत अन्यत्र असावी. प्रथम हलवायच्या वस्तूंची यादी, मापाच्या पेट्या आणि किनाऱ्यापासून दूर निश्चित केलेली जागा असावी. वर्षातून एकदा त्याचा सरावही व्हावा. शासनाच्या आदेशाची वाट न पाहता आपापल्या गावातील मूर्ती, ताम्रपट, जुनी दप्तरे यांची नोंद कार्यकर्त्यांनी आजच सुरू करावी. ज्याची नोंद नाही, त्याचे रक्षणही होत नाही आणि हरवल्यावर शोधही लागत नाही.