पहिल्या गोळीआधीची बाटली

नांदगाव खंडेश्वरला माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. सोयाबीनची सोंगणी लागली की लघवीला जळजळ होते म्हणून येणाऱ्या बाया वाढतात. वावरात आडोसा नसतो, त्यामुळे दिवसभर त्या पाणीच पीत नाहीत. बऱ्याच जणी आधी मेडिकलमधून ‘पावरची गोळी’ घेऊन, गुण आला नाही म्हणून माझ्याकडे येतात. मायक्रोस्कोपखाली पू मला दिसतो. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे दिसत नाही. त्याला कल्चर लागतं, आणि ते अमरावतीला होतं.

कल्चर काही अवघड विद्या नाही. लघवी ताटलीवर पसरून रात्रभर उबेत ठेवायची. उगवलेला जंतू दुसऱ्या ताटलीवर पसरायचा, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीची मोकळी जागा मिलिमीटरमध्ये मोजायची. जंतू चकतीला चिकटून उगवला, तर ते औषध त्याच्यापुढे निकामी. १९६६ मध्ये बाउअर आणि कर्बी यांनी बसवून दिलेली ही पद्धत आजही जगभर चालते.

“दोन दिस थांबाले वेळ कोनाले हाये, भाऊ?” असं बाया विचारतात. त्यांचं बरोबर आहे, मजुरी बुडते. पण थांबायला कोणी सांगतच नाही. नमुना आधी द्या, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी लगेच सुरू करा, रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर ते ती बदलतील. गोळी पोटात गेल्यावर घेतलेल्या लघवीत जंतू उगवेलच असं नाही.

खरी अडचण रस्त्यातली आहे. साधी बाटली दोन तासांत पोहोचली नाही, तर उन्हात जंतू वाढून रिपोर्टच चुकतो. बोरिक अ‍ॅसिड घातलेल्या बाटलीत तोच नमुना दिवसभर टिकतो.

क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी सरकार फुकट करतं. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत रोग आहे का, आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, दोन्ही सांगतं. मग लघवीच्या, जखमेच्या जंतूंनाच वाऱ्यावर का सोडलं? आयसीएमआरच्या पाहणीत क्लेबसिएला या जंतूच्या २०१६ मधल्या ६५ टक्के नमुन्यांवर इमिपेनेम चालत होतं. २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवरच. इमिपेनेम हे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायचं औषध! शेजारच्या सेवाग्रामचं रुग्णालयही या पाहणीच्या जाळ्यात आहे. पण हे आकडे मोठ्या रुग्णालयांतले. आमच्या तालुक्यातल्या बायांच्या लघवीतले जंतू त्यात कुठे आहेत?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बोरिक अ‍ॅसिडच्या बाटल्या ठेवा. नमुने रोज अमरावतीला न्या, रिपोर्ट डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवा. कोणती गोळी किती नमुन्यांत चालली, याचा तालुकावार तक्ता दरवर्षी काढा आणि तो इथल्या प्रत्येक दवाखान्याला द्या. केरळ राज्यभराचा असा तक्ता प्रसिद्ध करतं. अमरावती जिल्ह्याने पुढच्या सोंगणीपर्यंत निदान एका तालुक्यापासून सुरुवात करावी. बाटल्या भरून द्यायला मी तयार आहे.