मोडलेल्या संसाराचीही नोंद हवी

उत्तर कोकणाला नोंदींचे महत्त्व कोणी शिकवावे असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली, तेव्हा या किनारपट्टीवरील घराण्यांची, त्यांच्या कुळांची आणि गावांची शतकांपूर्वीची टिपणे महाराष्ट्रासमोर आली. आजचा पालघर तालुका इंग्रजी अमदानीत माहीम तालुका म्हणून ओळखला जाई. केळवे-माहीमच्या वाड्यांचे जुने कागद काढले, तर पणजोबांच्या नावापासून जमिनीचा माग लागतो. मात्र याच गावातील एखाद्या लेकीचा विवाह पंधरा-वीस वर्षांपूर्वी न्यायालयात संपुष्टात आला असेल, तर त्याचा कागद कोठे आहे, हे तिच्या घरातही बहुधा कोणाला सांगता येत नाही. जमिनीचा कागद आपण देवघराशेजारच्या पेटीत जपतो आणि लेकीचा कागद न्यायालयातून घरी आणण्याचेही राहून जाते.

या उपेक्षेचे मूळ संकोचात आहे. घटस्फोट हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला जात नाही. निकाल लागला, पीडा टळली, आता तो विषय नको, असे म्हणून वडीलधारी मंडळी प्रकरणावर पडदा टाकतात. परंतु विषय तेथे संपत नाही. मुलीच्या पुनर्विवाहाची बोलणी सुरू होतात, पारपत्रावरील पतीचे नाव काढायचे असते, निराधार योजनेसाठी अर्ज करायचा असतो, शिधापत्रिका वेगळी करायची असते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला कामगार अकाली जातो आणि त्याच्या भविष्य निर्वाह निधीवर दोन स्त्रिया पत्नी म्हणून हक्क सांगतात. अशा वेळी पहिला विवाह खरोखर विसर्जित झाला होता काय, या एकाच प्रश्नावर दोन घरांचे भवितव्य ठरते, आणि त्याचे उत्तर तोंडी सांगून भागत नाही.

येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जन्माचा किंवा विवाहाचा दाखला मिळतो, तसा 'घटस्फोटाचा दाखला' देणारे कार्यालय आपल्याकडे नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हाच पुरावा आणि त्याची प्रमाणित नक्कल हाच दाखला. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या २३व्या कलमातील चौथे पोटकलम तर स्पष्ट सांगते की, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावयाची आहे. किती कुटुंबांना ही तरतूद ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील कितींनी ती प्रत मागून घेतली आहे? कायद्याने ताटात वाढलेले आपण उचलून घेत नाही, आणि वीस वर्षांनी त्यासाठीच वणवण करतो.

वणवण होते ती कागद नेमका कोणत्या न्यायालयात आहे, हे ठाऊक नसल्यामुळे. विवाह जेथे झाला, प्रतिपक्ष जेथे राहतो, किंवा पतिपत्नींनी शेवटचा एकत्र संसार जेथे केला, त्यांपैकी कोठेही अर्ज दाखल होऊ शकतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः जेथे राहते तेथील न्यायालयातही तिला जाता येते. त्यामुळे बोईसरमध्ये संसार मांडलेल्या दांपत्याचे प्रकरण पालघरऐवजी जळगावच्या, सोलापूरच्या किंवा थेट परप्रांतातील न्यायालयात चाललेले असू शकते. शिवाय पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे प्रकरण शोधताना ठाण्याचे दप्तरही पाहावे लागते. म्हणून शोधाची सुरुवात गावापासून न करता प्रकरणापासून करावी. कोणत्या वर्षी, कोणत्या न्यायालयात, कोणत्या क्रमांकाने अर्ज दाखल झाला, हे आधी निश्चित करावे. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्स व्यवस्थेत त्यावरून, किंवा पक्षकाराचे नाव व वर्ष यांवरून प्रकरणाची स्थिती पाहता येते. जुन्या प्रकरणांसाठी मात्र वकिलांची जुनी फाईल, समन्सचा पिवळा पडलेला कागद, पोटगीच्या भरण्याची पावती, यांतून क्रमांक हुडकावा लागतो.

क्रमांक हाती आला की त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून, ठरलेले शुल्क भरून प्रमाणित प्रत मिळते. पक्षकाराला ती मिळण्यात अडचण नसते. तिऱ्हाईताला मात्र ती कशासाठी हवी हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. हे योग्यच आहे. वैवाहिक प्रकरणांची सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि तिचा तपशील छापला जाऊ नये, असे याच कायद्याचे २२वे कलम सांगते. घरातील दुःख चव्हाट्यावर येऊ नये, ही आपल्या समाजाची जुनी मर्यादा कायद्यानेही मानली आहे. काही उत्साही मंडळी माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. तथापि न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा तो वळसा घेण्यात अर्थ नाही.

याहून गंभीर प्रश्न, हुकूमनामा मुळात झालाच नाही अशा कुटुंबांचा आहे. मुद्रांकावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का आणि 'आजपासून आमचा संबंध नाही' असे एक वाक्य. एवढ्यावर विवाह संपला, असे समजणारी माणसे आजही शेकड्यांनी भेटतात. असा कागद विवाह विसर्जित करीत नाही. विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच म्हटले होते. १९५५ च्या कायद्याने २९व्या कलमात रूढीनुसार होणाऱ्या काडीमोडीला स्थान राखून ठेवले, हे खरे; परंतु अशी रूढी आहे हे मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पुन्हा बजावले. पंचांची बैठक झाली. पण तिचे इतिवृत्त कोणी लिहिले? कोणी जपले? पंच दिवंगत झाले की पुरावाही त्यांच्यासोबत जातो.

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. येथील लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक जनजाती बांधव आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या समाजांना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. दुसऱ्या कलमातच तसे नमूद आहे. त्यांचे विवाह आणि काडीमोड रूढीने होतात. न्यायालय पुरावा मागते तेव्हा मात्र ही रूढी कोठेही लिहिलेली सापडत नाही. पतीने दुसरा विवाह केला म्हणून दाद मागणाऱ्या एका जनजातीय स्त्रीची तक्रार २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. दुसरा विवाह निषिद्ध ठरवणारी रूढी सिद्ध झाली नाही, हे त्याचे कारण. रूढीचा मान राखायचा तर रूढीची नोंदही राखली पाहिजे. पंचांच्या निर्णयाची तारीख, उपस्थितांची नावे, मुलांचा ताबा, परत केलेल्या वस्तू, हे सारे लिहून दोघांच्या सह्या वा अंगठे घेऊन दोघांनाही प्रत देण्याची पद्धत पाड्यापाड्यांत रुजली, तर रूढी दुर्बळ होणार नाही. उलट ती न्यायालयात उभी राहू शकेल.

आणि शासनाचे काय? विवाहाची नोंद सक्तीची असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सांगितले. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहेच आणि गावोगावी ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद होते. पण तो विवाह न्यायालयात विसर्जित झाला तरी त्या नोंदीवर आपोआप शेरा पडण्याची व्यवस्था नाही. एक दप्तर म्हणते विवाहित, दुसरे म्हणते विभक्त, आणि दोन्ही दप्तरे सरकारीच! हे अटळ आहे काय? मुळीच नाही. आपल्याच डहाणू-घोलवडच्या पारशी बंधूंसाठी १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यात दहावे कलम आहे. त्यानुसार न्यायालयाने हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि निबंधकाने ती स्वतंत्र नोंदवहीत चढवायची. शेजारच्या गोव्यातही मूळ विवाहनोंदीवर घटस्फोटाचा शेरा येतो. संख्येने मूठभर असलेल्या समाजासाठी जे १९३६ साली सुचले, ते कोट्यवधी हिंदू कुटुंबांसाठी अद्याप का सुचू नये? १९९८ चा कायदा राज्याचा आहे. त्यात दुरुस्ती करणे राज्य विधिमंडळाच्याच हाती आहे.

यावर एक आक्षेप येईल. घटस्फोटाच्या नोंदी सुलभ केल्या तर घटस्फोट वाढणार नाहीत काय? विवाह हा आपल्याकडे संस्कार आहे आणि तो टिकावा यासाठी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी शेवटपर्यंत प्रयत्न केलेच पाहिजेत. मात्र नोंदवहीमुळे संसार मोडत नाहीत. मोडल्यावरच त्यांची नोंद होते. शिवाय हा विषय परकीयांकडून उसना आलेला नाही. अनेक हिंदू जातींत काडीमोडीची रूढी पिढ्यान्‌पिढ्या होती. कोल्हापूरने १९१९ मध्ये, बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये, म्हणजे १९५५ च्या कायद्याच्या कितीतरी आधी, त्यासाठी कायदे केले. ज्या समाजाने मार्ग दिला, त्याने त्या मार्गावरील खूणदगडही नीट लावावेत, एवढेच मागणे आहे.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या बाराव्या कलमाने प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक व्यक्तीला विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा अधिकार दिला आहे. तालुका विधी सेवा समितीपर्यंत अशा भगिनीला सोबत घेऊन जाणे, तिचा अर्ज लिहून देणे, प्रकरण क्रमांक शोधून काढणे, हे काम वस्तीवरचा कोणताही कार्यकर्ता करू शकतो. त्याला वकिलीची सनद लागत नाही. थोडा वेळ आणि पुष्कळ संयम लागतो. पुनर्विवाह जुळवताना मध्यस्थांनी पत्रिकेबरोबर हुकूमनामाही पाहावा; अपिलाची नव्वद दिवसांची मुदत उलटली आहे आणि अपील प्रलंबित नाही, याची खात्री करून घ्यावी. आणि ज्या घरात असा निकाल लागला असेल, त्या घरातील वडिलांनी एक दिवस सवड काढून न्यायालयात जावे, प्रत आणावी आणि ती लेकीच्या हाती द्यावी. तिच्या पुढच्या आयुष्यात दारोदारी तिला विचारला जाणारा प्रश्न त्या एका कागदाने मिटणार आहे.