औषधाचा हिशेब मांडायला माणसे हवीत

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या दुर्मीळ आजारावरील रिस्डिप्लामची एक बाटली भारतात सुमारे ६ लाख रुपयांना होती. ऑक्टोबर २०२५मध्ये न्यायालयीन लढाईनंतर देशी जेनेरिक औषध १५,९०० रुपयांत आले. वीस किलोंहून अधिक वजनाच्या रुग्णाला एक बाटली बारा दिवस पुरते. दुर्मीळ आजारांच्या धोरणानुसार रुग्णामागे ५० लाखांपर्यंत सरकारी मदत मिळते. जुन्या छापील किमतीने ती रक्कम जेमतेम तीन महिने चालली असती. नव्या किमतीने दहा वर्षे चालेल. औषध तेच, पण सरकारी निर्णयाचे गणित पार बदलले.

हे गणित करण्याचे एक शास्त्र आहे. नव्या उपचाराने रुग्णाला चांगल्या प्रकृतीचे एक वर्ष अधिक मिळण्यासाठी किती जादा खर्च येतो, हे काढून त्याची तुलना साधारणतः देशाच्या दरडोई उत्पन्नाशी करतात. चंडीगडच्या पीजीआयमधील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबचा असा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभराचा उपचार तेव्हाच्या किमतीत परवडणारा नव्हता. नऊ आठवड्यांचा मात्र होता आणि किंमत उतरली तर वर्षाचाही परवडेल, असे त्यातून दिसले. कंपनीशी घासाघीस करायला सरकारी खरेदीदाराला याहून चांगले हत्यार कोणते?

आपल्याकडे औषधांची कमाल किंमत ठरते ती वेगळ्याच रीतीने. २०१३च्या आदेशानुसार, किमान एक टक्का बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून त्यावर विक्रेत्याचा नफा धरतात. औषधाने रुग्णाला किती फायदा होतो, हा प्रश्न त्या सूत्रात येतच नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७मध्ये ‘एचटीएइन’ ही यंत्रणा उभी केली. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेसह देशभरातील संस्थांत तिची केंद्रे आहेत. पण तिचा सल्ला बंधनकारक नाही आणि कामाचा मोठा भार कंत्राटी मनुष्यबळावर आहे. आरोग्य अर्थशास्त्र जाणणारे लोक मुळात थोडे. त्यातला एखादा तयार होईपर्यंत मुदत संपते किंवा खासगी क्षेत्र त्याला जास्त पगारावर उचलते. पुष्कळदा ते क्षेत्र म्हणजे औषध कंपन्याच.

इंग्लंडमध्ये १९९९पासून ‘नाइस’ हे काम करते. तिने औषधाची शिफारस केली की सरकारी आरोग्य सेवेला ते ठरावीक मुदतीत द्यावेच लागते. २०१९पासून ती कंपन्यांकडून मूल्यमापनाचे शुल्कही घेते. तिजोरीवरचा भार त्याने हलका होतो, पण ज्याची परीक्षा त्याचीच फी, ही शंका उरतेच. भारतात सरकारी पैसाच बरा, आणि तो फार लागणारही नाही: अर्थतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ यांची काही डझन कायम पदे.

रिस्डिप्लामसारखी किंमत एका रात्रीत कोसळली, की आधीचा प्रत्येक हिशेब शिळा होतो. तो पुन्हा मांडायला तेव्हा कोणीतरी खुर्चीत असायला हवे.