आधी झाकण सैल करा!

समजा १९६१ सालचा अमेरिकन ‘कब कॅडेट’, म्हणजे बागेतला छोटा ट्रॅक्टर, समोर आहे. त्याचं एका सिलिंडरचं कोहलर इंजिन वीस मिनिटं छान चालतं, मग गचके खातं. थोडं थांबलं की पुन्हा शहाणं! आपण लगेच कार्बुरेटर खोलणार.

माझं मत, आधी टाकीचं झाकण सैल करा. त्याचं बारीक भोक बुजलं, की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरत नाही. तरीही गचके? मग त्याच क्षणी ठिणगी बघा. तापलेला कंडेन्सर दगा देतो. मात्र एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दोष कुठे होता ते कळणारच नाही.

प्रॅक्टिकलला रीडिंग ‘जुळवून’ आणायची आपली सवय इथे चालत नाही. इंजिन काही जर्नलवर सही करत नाही!