तेलात पाणी

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमटीवरची तर्री ते रोज सांगत असते. पण घुसळणारा दांडगा असला तर मिसळते. मोटारीच्या इंजिनात क्रँक नावाची जी रवी असते ती मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेते. शिवाय मळ धरून ठेवण्यासाठी इंजिनाच्या तेलात जी औषधे घातलेली असतात, ती पाण्यालाही तितक्याच मायेने धरून ठेवतात. मग तेल पाहायची काठी बाहेर काढली की तिच्यावर मधाच्या रंगाच्या तेलाऐवजी दूधकॉफी दिसते.

ही कॉफी ज्याने पाहिली त्याच्या तोंडचे पाणी पळते. त्यातून नुकतेच पैसे मोजून इंजिन बांधून घेतलेले असेल तर विचारूच नका. भोवती जमणारा प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगतो, "हेड गास्केट गेलं." आपल्या मराठीत हा 'जाणे' धातू फार सोयीचा आहे. दिवे जातात, नोकरी जाते, गास्केटही जाते. कुठे आणि का, हे कोणी विचारत नाही. मिस्त्रीने काम कच्चे केले, हे मात्र सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

आमच्या दासगावच्या मेहुण्यांनीही तेच धरले होते.

दासगाव म्हणजे महाडच्या अलीकडचे, सावित्रीच्या खाडीवरचे जुने बंदर. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला निघालेले डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने येऊन इथेच उतरले होते. आता बोटी नाहीत, सगळा भार मुंबई-गोवा रस्त्यावर. या गावी माझ्या सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंदांच्या कंपनीने कुर्ल्याला बांधलेली ही फियाट २००० च्या सुमारास निघायची थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. सासरे गेले, गाडी राहिली. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा ती मेहुण्यांच्या दुकानामागे उभी होती, आणि बॉनेटपर्यंत बुडाली. पुढे दोन वर्षांनी गावातल्याच एका वयस्क मिस्त्रींनी, ज्यांना सारे दासगाव चाचा म्हणते, तिचे इंजिन बांधून दिले. हेड तेवढे घासायला बाहेरगावच्या एका कारखान्यात गेले होते. गाडी सुरू झाली तेव्हा सासूबाईंनी तिला ओवाळले.

चारशे किलोमीटर झाले, एकदा कशेडी घाट चढून झाला, आणि काठीवर कॉफी आली.

मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा वाद पेटलेला होता. मेहुणे म्हणत, "भावोजी, यानं गास्केट जुनंच घातलं. पैसे नव्याचे घेतले." शेजारचे म्हणत, पुराचेच पाणी आत राहिले असेल. आणखी एका हितचिंतकाने रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायला सांगितली. हळदीने रेडिएटरचे बारीक छिद्र तात्पुरते बुजते हे खरे; पण त्याच्या बारीक नळ्याही बुजतात, आणि इंजिनाच्या आतली गळती तशीच राहते.

चाचा आले. त्यांच्या दृष्टीने हा गाडीचा प्रश्न राहिलाच नव्हता. दासगावसारख्या गावात मिस्त्रीचे नाव एकदा बदनाम झाले की महाडपर्यंतची गिऱ्हाइके तुटतात. पण ते आवाज न चढवता एवढेच म्हणाले, "शेठ, आधी चावी माझ्याकडं द्या. इंजिन आता फिरवायचं नाही." ते अगदी बरोबर होते. पाणी मिसळलेल्या तेलाचा पातळ पडदा क्रँकच्या बेअरिंगांचा भार पेलत नाही. पाण्याबरोबर कुलंटही असेल तर बेअरिंगांचा मऊ धातू आणखी लवकर खराब होतो. घरापर्यंत नेऊ, मग पाहू, या विचाराने चार मैल चालवलेली गाडी शंभर रुपयांचे काम हजारांवर नेते.

"आता उघडा," मेहुणे म्हणाले. "उघडलं की पुरावा गेला," चाचा म्हणाले. मला हे वाक्य फार आवडले. हेड सैल केले की गळतीची जागा मोकळी होते, आणि पाणी नेमके कुठून येत होते ते मग शपथेवर सांगावे लागते.

पहिला प्रश्न, हे पाणीच आहे का? सासूबाईंकडून एक टाकाऊ तवा मागवला, तापवला, आणि लांब उभे राहून काठीच्या टोकाचा एक थेंब त्यावर टाकला. मोहरी तडतडावी तसा तो तडतडला. निर्मळ तेल नुसते धुरकटते. इथे वाचकांसाठी एक सांगून ठेवतो : पावसाळ्यात गाडी रोज फक्त मंडईपर्यंतच नेत असाल तर तेल ओतायच्या झाकणाखाली पांढरा फेस जमतो. काठी स्वच्छ असेल, तेलाची पातळी वाढलेली नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत नसेल, तर तो नुसता दमटपणा आहे. एक लांबची फेरी मारा, जाईल.

दुसरा प्रश्न, कुठले पाणी? रात्रभर गाडी हलवली नाही. पाणी जड, ते तळाशी बसते. सकाळी चाचांनी तेलाच्या टाकीचा खालचा बोल्ट जरासा सैल केला. आधी कपभर पाणी आले, मग तेल. पाणी हिरवट होते. पुराला हिरवा रंग नसतो. इंजिन बांधल्यावर रेडिएटरात भरलेल्या कुलंटला असतो. पुराचा आरोप तिथेच खारीज झाला, आणि चाचांवरचा अधिक घट्ट झाला.

मग चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तो जवळजवळ सारखा भरला. मेहुण्यांना वाटले, गास्केट ठीक आहे म्हणजे ब्लॉकच फुटला. गाडी आता भंगारात. हा घोटाळा पुष्कळांचा होतो. दाब सारखा याचा अर्थ गास्केट पेटता वायू अडवते आहे, इतकाच. त्याच गास्केटमधून पाण्याच्या वाटाही जातात आणि तेलाच्याही. या दोघींच्या मधली भिंत खचली तर दाबाच्या घड्याळाला पत्ताही लागत नाही. रेडिएटरातला वायू हुंगून रंग बदलणारे औषध मिळते, तेही अशा वेळी गप्प बसते.

शेवटी खरी तपासणी झाली. तेलाची टाकी खालून काढली, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला आणि झाकणाला सोसवतो तेवढाच दाब थंड इंजिनात भरला. चाचा बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले. मेहुणे शेजारी उकिडवे बसले. सिलिंडरांतून पाणी उतरले असते तर तडा किंवा स्लीव्ह. पुढच्या बाजूने आले असते तर टायमिंगचे कव्हर. अर्धा तास काहीच नाही. मग ज्या बाजूने पुशरॉड उतरतात त्या बाजूने, तिसऱ्या सिलिंडरच्या आसपास, एक हिरवा थेंब लोंबला आणि पडला. दुसऱ्याला चार मिनिटे लागली.

आता हेड उघडले. गास्केट नवेच होते. मेहुणे खाली पाहू लागले. हेडवर पोलादी पट्टी उभी धरली तर ०.०५ मिलिमीटरचे पाते कुठे शिरेना. म्हणजे सपाटीही चोख. पण पाण्याच्या एका भोकाच्या कडेला रंग किंचित निराळा होता. चाचांनी तिथे पेचकसाचे टोक लावले आणि राखाडी खपली उचकटून आली. लांबी! सुतार लाकडाच्या भोकात भरतो तशी धातूची लांबी भरून, वरून घासून, कारखान्याने हेड साजरे करून पाठवले होते. घाटातल्या उष्णतेने ती सुटली. खाली बोराच्या बीएवढा खड्डा होता, आणि गास्केटच्या कडेला बसायला तिथे जागाच नव्हती.

खड्डा कशाने पडला? या इंजिनाचा ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचे. दोन धातू आणि मध्ये साधे पाणी म्हणजे एक लहानशी बॅटरीच. तीत ॲल्युमिनियम झिजते. हे थांबवण्याचे द्रव्य कुलंटमध्ये असते. सासरे मात्र कुलंटला शहरी थाट म्हणत. वीस वर्षे त्यांनी रेडिएटरात परसातल्या विहिरीचे पाणी घातले, तेही फडक्यातून गाळून. हे चाचांना पहिल्यापासून ठाऊक असावे. ते बोलले नाहीत. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या.

मेहुण्यांनी चाचांसाठी चहा सांगितला. माफी वगैरे मागितल्याचे मी ऐकले नाही. हेडचा खड्डा वेल्डिंगने भरून पुन्हा घासले, यावेळी चाचा स्वतः यंत्रापाशी उभे राहिले. बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळले. बेअरिंगे काढून पाहिली, सुदैवाने शाबूत होती. स्वस्त तेल भरून इंजिन थोडे फिरवले, ओतून टाकले, नवे भरले, आणि तीनशे किलोमीटरवर तेही बदलले. काठी स्वच्छ आहे.

डिकीत विहिरीच्या पाण्याची बाटली अजून असते. सासूबाईच भरून ठेवतात. मेहुणे तिने पुढची काच धुतात.