पुढारीपण हे आजचं विणखातं

संगमनेर विडीचं गाव. बाई मांडीवर सूप घेते, तेंदूचं पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोऱ्यानं बांधते. मजुरी हजारावर. खराब म्हणून जितक्या विड्या बाजूला निघाल्या, तितकी मेहनत पाण्यात. विडी जळून राख होते. पण तिच्या वर्गणीवर मोठा झालेला पुढारी कुठं जातो?

वाट सगळ्यांना पाठ आहे. आधी गेटसभा, मग युनियनचं सेक्रेटरीपद, मग संप, जेल, हारतुरे, मग तिकीट, आमदारकी, शेवटी पक्षाची गादी. दोस्तहो, आम्ही या वाटेच्या विरोधात नाही. कामगारानं राजकारणात पडू नये, हे शहाणपण मालकाचं आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली पक्ष काढला तोच मुळी स्वतंत्र मजूर पक्ष या नावानं. कामठीचे बाबू हरदास विडी कामगारांची संघटना बांधता बांधता या पक्षात आले, १९३७ साली नागपूर-कामठीतून निवडून गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत, क्षयानं गेले. आज आपण ज्या ‘जय भीम’नं एकमेकांना हाक देतो, तो रुजवणारा माणूस हाच. विडीवाल्यांचा माणूस विडीवाल्यांसाठीच वर गेला. अशी शिडी आम्हाला हवी आहे.

पण दुसरी शिडीही बघा. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत टॅक्सी, बेस्ट, पालिका कामगारांच्या युनियन चालवत पुढं आले. १९६७ साली त्यांनी स. का. पाटलांना पाडलं. १९७४ चा रेल्वे संप त्यांनी लढवला, १९७७ ला ते मंत्री झाले. १९९४ ला समता पक्ष काढला, १९९८ ला भाजपच्या सरकारात संरक्षणमंत्री. धाडस नव्हतं असं कोण म्हणेल? आमचा सवाल वेगळा आहे. पालिकेच्या युनियनमध्ये झाडू मारणारा, मैला काढणारा आमचाच बाप होता. फर्नांडिस चढले. त्यांच्यामागून झाडूवाला कोण चढला? नाव सांगा!

मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्याला घेत नसत. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगाराला विटाळ व्हायचा. पगार मात्र तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे दार ठोठावलं. १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी स्वच्छ सांगितलं, दुश्मन दोन आहेत: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. गिरण्या गेल्या. विणखातं गेलं नाही. पुढारीपण हे आजचं विणखातं आहे. झेंडा उचलायला आम्ही, मोर्चात पुढं आमच्या आया, आणि माईक कुणाच्या हातात?

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानं बाहेरच्याला युनियनचा पदाधिकारी व्हायला वाट ठेवली, पण निम्मे तरी त्याच धंद्यातले हवेत असंही बजावलं. राजकारणासाठी वेगळा फंड काढायची मुभा दिली, पण वर्गणी ऐच्छिक. कागद चांगला होता. पण निम्म्यातली विडीवाली अंगठ्यापुरती आणि सही-शिक्का बाहेरच्याकडं, असं झालं तर कायदा काय करील?

आपल्याच तालुक्यातल्या जवळे कडलगचे कॉम्रेड दत्ता देशमुख १९४६ ला काँग्रेसचे आमदार झाले. पुढं काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात आणि मग लाल निशाणात गेले, शेतमजूर आणि दुष्काळग्रस्तांसाठी राबले. म्हणजे शिडी उलटीही लावता येते.

म्हणून तरुण दोस्तांनो, युनियनच्या पुढच्या सभेत गप्प बसू नका. ज्याला तिकीट मिळालं त्यानं त्याच दिवशी युनियनची खुर्ची सोडावी. त्या खुर्चीवर विडी वळणारी बाई बसावी. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला आपण आहोत. राजकीय फंडाचा हिशेब भर सभेत मोठ्यानं वाचावा. आणि पुढारी चिडला तर चिडू द्या. विडीवालीनं आजवर किती चिडलेले मुकादम बघितलेत!